रेंडर तयार आहेत, कॉमिक कशात बांधू?

"नमस्कार. गेलं वर्षभर रोज रात्री डॅझ स्टुडिओ या त्रिमिती प्रोग्रॅममध्ये बसून मी एका रहस्यकथेची 140 चित्रं रेंडर केली, म्हणजे त्रिमिती देखाव्यांतून काढली आहेत. कथा साधारण 30 पानांची होईल. आता चौकटी, फुगे, संवाद घालून त्याचं कॉमिक करायचंय आणि तिथेच घोडं अडलंय. एक मित्र म्हणतो, फोटोशॉपशिवाय गत्यंतर नाही. दुसरा म्हणतो, क्लिप स्टुडिओ घे, कॉमिकवाले तेच वापरतात. तिसरा म्हणतो, हे सगळं सोड आणि ब्लेंडर शीक. मी एका प्रोग्रॅमची चाचणी-आवृत्ती उतरवून पाहिली. पहिल्याच फुग्यात 'निश्चित' लिहिलं, तर वेलांटी भलतीकडे जाऊन बसली आणि 'श्च'चे दोन तुकडे झाले. शिवाय ज्यांना चित्रं दाखवली ते म्हणतात, माणसं मेणाची वाटतात. त्यावर एखादा कॉमिक फिल्टर मारावा का? आणि जाता जाता, नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं तर हे सगळं सोपं होईल का?
– मेणाचा कारखानदार"

कारखानदार,

तुमचे तिन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त तिघं तीन वेगळ्या कामांबद्दल बोलतायत आणि तुम्ही तिघांची उत्तरं एकाच तागडीत घातलीत. ब्लेंडर चित्र तयार करतं. फोटोशॉप तयार चित्रावर हात फिरवतं. क्लिप स्टुडिओ मुळात हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी, मांगावाल्यांसाठी (मांगा म्हणजे जपानी कॉमिक) बांधलेलं आहे. तुमची चित्रं तर झालेली आहेत. तुम्हाला हवी आहे पानाची मांडणी आणि फुग्यातली अक्षरं. चित्रकाराचं काम तुम्ही संपवलंत, आता छापखान्यात पान लावणाऱ्याच्या खुर्चीत बसायचंय.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर दोनच गोष्टी तपासल्या असत्या. मराठी मजकूर त्यात नीट उमटतो का, आणि उमटलेला मजकूर महिन्याभराने पुन्हा बदलता येतो का, ही एक. एखादी चौकट परत रेंडर केली तर पानावरचं जुनं चित्र आपोआप बदलतं का, ही दुसरी. कारण 30 पानांच्या कथेत संवाद दोन-तीनदा बदलणारच, आणि सतराव्या पानावर कधीतरी लक्षात येणारच की मागच्या चौकटीत कंदील उजव्या हातात होता आणि इथे तो डाव्या हातात आहे. ब्रश किती, तयार टेम्प्लेट किती, धावण्याच्या रेषा किती, हे सगळं त्यानंतर.

आधी वेलांटीचं बघू. युनिकोडमध्ये 'नि' साठवला जातो तो आधी न, मग वेलांटी असा, आपण उच्चारतो त्या क्रमाने. डोळ्याला मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. 'निश्चित'मधली दुसरी वेलांटी तर 'च'ला लागते, पण बसते सबंध 'श्च'च्या अलीकडे. हा क्रम फिरवणं, 'श'चा पाय मोडून त्याला 'च' जोडणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवणं, हे फॉन्ट एकटा करू शकत नाही. ते प्रोग्रॅमच्या पोटात बसलेलं अक्षरं जुळवणारं इंजिन करतं. रोमन लिपीचं या इंजिनावाचून फारसं अडत नाही, त्यामुळे तेवढीच लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ते कच्चं तरी असतं किंवा नसतंच. तुमच्या फॉन्टचा यात काही दोष नाही. दहा फॉन्ट बदललेत तरी वेलांटी जागची हलायची नाही.

कुठलाही प्रोग्रॅम उघडलात की त्याची बाकीची कौतुकं बघण्याआधी फुग्यात हे वाक्य टाका: "दुसऱ्या वर्गाच्या खिडकीतून कृष्णाने उडी मारली, हे निश्चित!" यात रफार आहे, ऱ्य आहे, कृ आणि ष्ण आहेत, साध्या अक्षराची वेलांटी आहे आणि जोडाक्षराचीही आहे. मग त्याच वाक्यातला एक शब्द मध्येच खोडून दुसरा लिहा. काही ठिकाणी मजकूर बाहेरून चिकटवला तर दिसतो बरोबर, पण त्यात बदल करायला गेलं की कर्सर एका जागी आणि अक्षर उमटतं दुसऱ्या जागी. तेही नापास धरा. शेवटी ते पान पीडीएफ आणि पीएनजी अशा दोन्ही प्रकारांत बाहेर काढून पाहा, कारण पडद्यावर शहाणा दिसणारा मजकूर कधीकधी निर्यात करताना विस्कटतो.

यावर एक जुनी पळवाट तुम्हाला कोणीतरी सांगेलच: युनिकोडच्या आधीचे फॉन्ट वापरा, त्यात सगळं नीट दिसतं. दिसतं खरं, कारण तिथे रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि जुळवण्यासारखं इंजिनाला काही उरतच नाही. पण तो मजकूर दुसरीकडे नेलात की त्याचा काला होतो. त्यात शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. दुसरी पळवाट म्हणजे मजकूर दुसरीकडे टाइप करून त्याचं चित्र फुग्यावर डकवायचं. हे मी स्वतः केलेलं आहे. एका पात्राचं नाव बदललं आणि त्या नावाचे साठेक फुगे परत बसवताना दोन रविवार गेले. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

आता प्रोग्रॅमांकडे येतो.

फोटोशॉपमध्ये मराठी नीट येतं, पण थोड्या जुन्या आवृत्त्यांत त्याला आधी तसं सांगावं लागतं. तिथे प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात मजकुराच्या इंजिनाचा पर्याय असतो. त्यात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडायचं. त्याहून जुन्या आवृत्त्यांत त्याच जागी 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं लिहिलेलं आढळेल. फोटोशॉपमध्ये मराठी येत नाही असं ठामपणे सांगणाऱ्यांनी बहुधा ही एक खूण केलेली नसते. चित्र आत घेताना साधं चिकटवू नका, 'प्लेस लिंक्ड'ने घ्या, म्हणजे फाइल बाहेर राहते आणि नवं रेंडर त्याच नावाने साठवलं की पानावरचं चित्रही बदलतं. माझी तक्रार वेगळीच आहे. फोटोशॉपला पुस्तक ही गोष्ट कळत नाही. 30 पानं म्हणजे 30 सुट्या, जड फाइली, आणि सगळ्या फुग्यांचा फॉन्ट बदलायचा तर तीस वेळा बदला. शिवाय भाडं भरत राहावं लागतं ते निराळं. तुमच्याकडे ते आधीपासून असेल तर चित्रांच्या डागडुजीला वापरा. केवळ या कामासाठी घेऊ नका.

क्लिप स्टुडिओची चौकटी पाडायची सोय अप्रतिम आहे. एक रेघ ओढली की चौकटीचे दोन भाग होतात आणि मधली फट आधी ठरवलेल्या मापाची पडते. अनेक पानांचं पुस्तक एकत्र सांभाळणं मात्र फक्त त्याच्या ईएक्स आवृत्तीत जमतं. स्वस्त प्रो आवृत्ती एकेका पानापुरती आहे. तुमची कथा 30 पानांची आहे, म्हणजे प्रोचा विचार करण्यात अर्थ नाही. चित्रातून रेषा आणि छटा वेगळ्या काढण्याची सोयही ईएक्समध्येच आहे, आणि काळ्यापांढऱ्या कॉमिकसाठी रेंडर वापरणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. चित्र 'फाइल ऑब्जेक्ट' म्हणून घेतलं तर इथेही ते बाहेरच्या फाइलशी बांधलेलं राहतं. पण कृष्णाच्या उडीची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे भरू नका. चाचणी-आवृत्ती त्याचसाठी असते.

कॉमिक लाइफ हा प्लास्क कंपनीचा प्रोग्रॅम 2005पासून आहे आणि तुमच्यासारख्यांना, म्हणजे ज्यांच्याकडे फोटो किंवा रेंडर तयार आहेत अशांना, समोर ठेवूनच तो बनवलाय. चित्र चौकटीत ओढून टाका, फुगा ओढा, शेपटी बोटाने फिरवल्यासारखी फिरवा, झालं. एका संध्याकाळी शिकून होतो. तयार टेम्प्लेटांमुळे पानं एकमेकांसारखी दिसू लागतात, तेवढं सांभाळा. वाक्याची परीक्षा इथेही तुमच्याच मशीनवर घ्यायची.

क्रिताचं नावही तुमच्या कानावर येईल. ते फुकट आहे, रंगवायला झकास आहे, त्यात कॉमिकची पानं सांभाळायचं एक जोड-साधन येतं आणि बाहेरच्या फाइलशी बांधलेला 'फाइल लेयर'ही आहे. 2023च्या 5.2 आवृत्तीपासून मजकुराचं इंजिनही नव्याने लिहिलंय. तरी शे-दोनशे फुगे भरायला मी ते उघडणार नाही. त्याची खरी मजा हातात पेन धरणाऱ्याला.

माझं मत विचाराल, तर तुमच्यासाठी स्क्रायबस किंवा इंकस्केप. दोन्ही फुकट आणि मुक्तस्रोत, आणि दोन्हींत देवनागरी जुळवायला हार्फबझ हे इंजिन आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये मराठी नीट दिसते तीही त्याच्याच जिवावर. स्क्रायबसबद्दल जुनी माणसं नाक मुरडतील. त्यांचंही चुकत नाही, कारण 1.4च्या मालिकेत आपली अक्षरं खरोखरच मोडून पडायची. 1.5च्या विकासाधीन आवृत्त्यांत ते सुधारलं आणि 2024च्या जानेवारीत आलेल्या 1.6मध्ये ती सुधारणा पक्की झाली. तेव्हा कुठूनतरी मिळालेली जुनी प्रत बसवू नका. स्क्रायबस हे पुस्तक लावायचंच साधन असल्यामुळे चित्र नेहमी बाहेरच्या फाइलशी बांधलेलं राहतं, संवादाची एक शैली ठरवून ठेवली की ती बदलताच तीसही पानांवरचे फुगे बदलतात, आणि छापायला लागणारी सीएमवायके रंगांची पीडीएफ थेट निघते. फुगे काढणं मात्र तिथे रुक्ष काम आहे. फुगा म्हणजे एक आकार आणि त्यावर मजकुराची चौकट, दोन्ही हाताने बसवायचे.

इंकस्केपमध्ये फुगे मजेत निघतात. लंबवर्तुळ काढा, शेपटीचा त्रिकोण काढा, दोन्ही एकजीव करा, मग टोक ओढून त्याला थोडा बाक द्या. 1.2 आवृत्तीपासून, म्हणजे 2022पासून, एका फाइलमध्ये अनेक पानंही ठेवता येतात. पण तीस पानं आणि 140 मोठी चित्रं एका फाइलमध्ये कोंबलीत तर ते धापा टाकेल, तेव्हा पाच-पाच पानांच्या फाइली करा. चित्र आत घेताना 'लिंक' की 'एम्बेड' असं विचारतं, तिथे लिंक.

छापील पुस्तक हे ध्येय असेल तर स्क्रायबस, फोनवर वाचायची कथा असेल तर इंकस्केप. तुम्ही पत्रात ते लिहिलेलं नाही आणि हे ठरवल्याशिवाय पुढे एक पाऊल टाकू नका, कारण चित्रांची मापं त्यावर ठरतात. अमेरिकी कॉमिकचं छापील पान 6.625 गुणिले 10.25 इंचांचं असतं. इंचाला 300 ठिपके धरले तर ते 1988 गुणिले 3075 पिक्सेल होतं. ए4 हवं असेल तर 2480 गुणिले 3508. म्हणजे अर्ध्या रुंदीच्या चौकटीला हजार-बाराशे पिक्सेल पुरतात आणि तिथे चार हजार पिक्सेलचं रेंडर लावणं म्हणजे वीज जाळणं. लांबी-रुंदी दुप्पट केली की पिक्सेल चौपट होतात, आणि रेंडरचा वेळही जवळपास तसाच वाढतो. फोनवर उभी सरकवत वाचायची कथा असेल तर वेबटूनची रुंदी 800 पिक्सेल असते आणि 1280 उंचीचे तुकडे करून ती चढवतात. तिथे 1600 रुंदीचं रेंडर करून निम्मं करा. चार पिक्सेलांचा एक होताना आयरेचे, म्हणजे डॅझमधल्या रेंडर करणाऱ्या इंजिनाचे, दाणे बरेचसे विरून जातात.

तुमची 140 चित्रं कुठल्या आकाराची आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो की सगळी आडवी आहेत. खिडकी आडवी असते, आपण तसंच रेंडर करत जातो. मग पानावर उभी चौकट आली की माणसाचं कपाळ कापायचं की पाय, हा प्रश्न पडतो. त्यावर इलाज असा की आता लगेच एकही चित्र पुन्हा रेंडर करायचं नाही. आहेत ती चित्रं तशीच घेऊन तीसही पानं कच्ची लावा. फुगे घाला, संवाद पूर्ण लिहा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. तेव्हा कळेल की कुठे चौकट उभी हवी होती आणि कुठे फुग्याला जागाच नाही.

माझ्याच एका पानाचं सांगतो. दाराशी उभी असलेली बाई कुजबुजते: "दार उघडू नकोस, तो अजून बाहेरच आहे." कॅमेरा मी तिच्या चेहऱ्याजवळ नेला होता, उजवीकडे दाराची कडी, आणि कडी हळूच फिरतेय हाच त्या चौकटीचा सगळा जीव. फुगा ठेवायला उरली एकच जागा, कडीवर. डावीकडे ठेवला तर तिचे डोळे झाकले जात होते. लहान केला तर सात शब्द पाच ओळींत मोडायचे. शेवटी कॅमेरा वीतभर मागे घेऊन वरचा अंधार वाढवला, फुगा त्या अंधारात टाकला आणि चौकट परत रेंडर केली. हे मला कच्च्या पानावर दिसलं असतं तर दीड तासाचं पहिलं रेंडर वाचलं असतं. तेव्हापासून मी चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा मोकळाच सोडतो आणि पहिल्या फेरीत निम्म्या मापाची, दाणेदार रेंडरंच वापरतो.

फुग्यातल्या अक्षरांबद्दल थोडं. इंग्रजी कॉमिकात सगळं मोठ्या लिपीत लिहितात, आपल्याकडे मोठी लिपी नाही, तेव्हा जोर द्यायचा शब्द ठळक करा. तिरपी देवनागरी बहुतेक फॉन्टांत ओढूनताणून वाकवलेली असते, ती टाळलेली बरी. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. मी अक्षराच्या मापाच्या सुमारे 140 टक्के ठेवतो. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. संवादाला कलम हा हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट छान बसतो, आणि 'धडाम', 'खाड्कन' अशा आवाजांना मोदक, कारण त्याहून गुबगुबीत देवनागरी मी तरी पाहिलेली नाही. दोन्ही फुकट आणि मुक्त परवान्याचे आहेत. फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते दिसण्यासाठी मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते. बरेच जण ते करत नाहीत आणि मग आपला ल हिंदी का दिसतो म्हणून चिडतात.

आता मेण. फिल्टरने ते वितळत नाही, फक्त त्यावर रेघा येतात. माणसं मेणाची वाटण्यामागे बहुतेक वेळा सपाट उजेड असतो. कॅमेऱ्याला चिकटलेला हेडलॅम्प बंद करा, एक ठळक दिवा बाजूने टाका आणि सावलीला सावली राहू द्या. चेहऱ्याच्या दोन बाजू हुबेहूब सारख्या आहेत का बघा. असतील तर एक भुवई जराशी उचला. नजर कुठेतरी टेकलेली हवी, शून्यात नको. एवढं करून पाच चौकटी पाहा आणि मग फिल्टर हवासा वाटतो का ते ठरवा.

वाटलाच, तर एक लक्षात ठेवा. फिल्टरची रेघ पिक्सेलांत मोजलेली असते. तीन हजार पिक्सेलच्या चित्रावर फिल्टर मारून ते छोट्या चौकटीत आक्रसलं तर रेघ केसासारखी होते, आणि शेजारच्या मोठ्या चौकटीत तीच रेघ दोरखंडासारखी दिसते. एकाच पानावर एकाच माणसाच्या चेहऱ्याला दोन जाडीच्या रेघा. म्हणून आधी चित्र पानावरच्या मापाचं करायचं, फिल्टर मग. खऱ्या रेघाच हव्या असतील तर त्या चित्रातून काढण्यापेक्षा त्रिमितीतूनच काढलेल्या बऱ्या. त्यासाठी पोझर या दुसऱ्या त्रिमिती प्रोग्रॅममध्ये कॉमिक बुक प्रिव्ह्यू आहे आणि ब्लेंडरमध्ये फ्रीस्टाइल. तुमच्या तिसऱ्या मित्राचं म्हणणं इथे खरं ठरतं, पण ते पुढच्या कथेसाठी. वर्षभराची 140 चित्रं टाकून नवा प्रोग्रॅम शिकायला बसलात तर हे कॉमिक कधीच होणार नाही.

विकत घेतलेली पात्रं आणि सेट वापरले असतील तर प्रत्येकाचा परवाना एकदा वाचा. साधारणपणे रेंडर केलेलं चित्र विकायला हरकत नसते, मूळ त्रिमिती फाइल वाटायला असते. पण काही वस्तू व्यावसायिक वापराला बंद असतात आणि त्या नेमक्या मुखपृष्ठावर असतात.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. आयरे एनव्हिडियाच्या कार्डावरच वेगाने पळतं. तसं कार्ड नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि रेंडर रात्रभर चालतं, हे खरं. पण पानं लावायला आणि फुगे भरायला त्या कार्डाचा काडीचाही उपयोग नाही, आणि पुढचे दोन महिने तुम्ही तेच करणार आहात. कच्ची पानं लावून झाली की परत रेंडर करायच्या चौकटी मोजा. पंधरा-वीस निघाल्या तर आहे त्याच मशीनवर रात्री लावून झोपा. सत्तर निघाल्या तर मला परत लिहा, मग कार्डाचं बघू.